झेल एकाचा, हात दोघांचे

अमेरिकन फुटबॉलमध्ये पदार्पणाच्या हंगामातच विक्रम रचणाऱ्या तरुणांची ही कहाणी आहे. त्यांच्याकडे चेंडू फेकणाऱ्या, कधी ‘आता संपला’ म्हणून बाजूला सारल्या गेलेल्या, तर कधी नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या माणसांचीही ती आहे.

वाचकहो, आपली मुले अमेरिकेत असतील आणि सप्टेंबर ते जानेवारीच्या दरम्यान आपण त्यांच्याकडे राहून आला असाल, तर तेथील रविवारची दुपार आपल्या परिचयाची असेल. घरातले सारे दूरचित्रवाणीसमोर बसलेले असतात. पडद्यावर शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड खेळाडू एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सारे थांबतात आणि पुन्हा आदळतात. ‘चेंडूला पाय क्वचितच लागतो, मग याला फुटबॉल का म्हणायचे?’ असा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. नातवाने समजावण्याचा प्रयत्न केला असेल, आपण मान डोलावली असेल आणि थोड्या वेळाने चहाचे निमित्त काढून उठलाही असाल.

पुढच्या खेपेस उठू नका, एवढीच विनंती. या धसमुसळ्या खेळात एक अतिशय नाजूक गोष्ट दडलेली आहे. आपल्यापैकी जे वृद्धत्वाचा अनुभव घेत आहेत आणि जे घरातील वृद्धांची शुश्रूषा करीत आहेत, अशा दोघांनाही ती जवळची वाटेल.

खेळ दोन ओळींत

मैदान १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटरचे. चेंडू बाळगणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की ‘टचडाउन’ होते. संघाचा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. तो मागे उभा राहून चेंडू फेकतो. मैदानाच्या कडेने धावत जाऊन तो चेंडू झेलणारा म्हणजे ‘वाइड रिसीव्हर’. त्याने किती झेल घेतले, त्यातून किती यार्ड मिळवले आणि किती टचडाउन केले, यावर त्याचा हंगाम मोजला जातो. व्यावसायिक संघातील पहिल्या वर्षाच्या खेळाडूला तिकडे ‘रूकी’ म्हणतात. आपण ‘नवखा’ म्हणू.

आता ती नाजूक गोष्ट. अनेकदा क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटतो, तेव्हा झेलणारा अजून वळलेलाही नसतो. तो ज्या जागी आहे तेथे चेंडू फेकलेला नसतो. क्षणभराने तो जेथे असेल तेथे फेकलेला असतो. पाच पावले धावून डावीकडे वळायचे ठरले असेल, तर पाचवे पाऊल पडण्यापूर्वीच चेंडू हवेत असतो. फेकणाऱ्याने विश्वास टाकायचा आणि झेलणाऱ्याने तो ठरल्या क्षणी, ठरल्या जागी पोहोचून सार्थ करायचा. नवख्याला हे साधणे फार कठीण जाते. डावपेचांची भली जाडजूड वही पाठ करायची असते, समोरचे प्रतिस्पर्धी वयाने आणि अनुभवाने मोठे असतात. म्हणूनच पहिल्या वर्षी हजार यार्डांचा टप्पा ओलांडणे मोठ्या मानाचे समजले जाते.

अशा गाजलेल्या पदार्पणांच्या नोंदी चाळताना मात्र एक गोष्ट वारंवार नजरेत भरते. झेलणाऱ्या तरुणाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, कथा फेकणाऱ्याची असते.

तेहतिशीचा ‘निकामी’ गडी

१९६० साली ‘अमेरिकन फुटबॉल लीग’ ही नवी स्पर्धा सुरू झाली. जुन्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ची मंडळी या नवागताची टिंगल करीत. ह्यूस्टनच्या ‘ऑयलर्स’ संघाने या नव्या स्पर्धेसाठी जॉर्ज ब्लँडा या क्वार्टरबॅकला घेतले. ब्लँडा दहा वर्षे शिकागोच्या संघात काढून आलेला होता. तेथे अखेरीस त्याला चेंडू फेकण्याचे काम मिळेनासे झाले, केवळ पायाने चेंडू मारण्यापुरते ठेवले गेले. १९५९ चा संपूर्ण हंगाम तर तो खेळाबाहेर घरी होता. नव्या संघात आला तेव्हा तो तेहतिशीत पदार्पण करीत होता, आणि या खेळात हे वय उतरणीचे मानले जाते. जुन्या लीगने टाकून दिलेला माल, अशा शब्दांत त्याची संभावना झाली.

त्याच संघात बिल ग्रोमन नावाचा एक तरुण आला. तो ओहायोतील एका लहानशा महाविद्यालयातून आलेला, फारसा कोणाला ठाऊक नसलेला. त्या वर्षी चौदा सामन्यांत ग्रोमनने ७२ झेल घेतले, १,४७३ यार्ड मिळवले आणि १२ टचडाउन केले. ह्यूस्टनने नव्या लीगचे पहिले अजिंक्यपद पटकावले. नवख्या खेळाडूने एका हंगामात मिळवलेल्या यार्डांचा ग्रोमनचा तो विक्रम पुढे तब्बल ६३ वर्षे अबाधित राहिला.

ग्रोमनची कारकीर्द फार लांबली नाही. सहा हंगामांत ती आटोपली. ब्लँडा मात्र खेळतच राहिला. १९७० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सलग पाच सामन्यांत अखेरच्या घटकेला संघाला तारून त्याने साऱ्या अमेरिकेला थक्क केले. शेवटचा सामना खेळला तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये इतक्या वयापर्यंत दुसरे कोणीही खेळलेले नाही. त्याच्या नावावर २६ हंगाम जमा आहेत.

वाचकहो, ‘आता आपला काय उपयोग?’ हा प्रश्न आपल्या मनात कधीतरी डोकावला असेल. ब्लँडाच्या मनातही १९५९ सालच्या त्या रिकाम्या हंगामात तो डोकावला असेल, असे मानायला हरकत नाही. त्याचा उपयोग संपला नव्हता. त्याने फेकलेला चेंडू झेलणारे हात तेवढे तेथे नव्हते.

दगडाच्या व्यवसायातून पुन्हा मैदानात

१९९८ साली रँडी मॉस हा वेस्ट व्हर्जिनियातील तरुण मिनेसोटाच्या ‘वायकिंग्ज’ संघात दाखल झाला. त्याच्या गुणवत्तेविषयी दुमत नव्हते. पण कोवळ्या वयात कायद्याशी झालेल्या खटक्यांमुळे अनेक संघ बिचकले. खेळाडू निवडीच्या वेळी त्याच्याआधी वीस जणांची नावे पुकारली गेली. मॉसने ते मनात धरले. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणादिवशी, त्याला टाळणाऱ्या संघांपैकी एक असलेल्या डॅलसविरुद्ध त्याने केवळ तीन झेल घेतले. तिन्ही टचडाउन ठरले: ५१, ५६ आणि ५६ यार्डांचे. हंगामाअखेर त्याच्या नावावर ६९ झेल, १,३१३ यार्ड आणि १७ टचडाउन होते. नवख्या झेलणाऱ्याने इतके टचडाउन करण्याचा विक्रम आजही त्याचाच आहे.

आता फेकणाऱ्याकडे पाहू. रँडल कनिंगहॅम तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. १९९६ साली तो निवृत्त होऊन ग्रॅनाइट आणि संगमरवराच्या व्यवसायात शिरला होता. पुढच्या वर्षी तो परतला, पण राखीव खेळाडू म्हणून. १९९८ च्या दुसऱ्याच सामन्यात मुख्य क्वार्टरबॅकचा पाय मोडला आणि कनिंगहॅमच्या हाती सूत्रे आली. त्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम हंगाम तो हाच: ३४ टचडाउन त्याच्या फेकीवर झाले आणि संघाने सोळापैकी पंधरा सामने जिंकले. संघात तिसरा होता क्रिस कार्टर, अनुभवी झेलणारा. व्यसनापायी एके काळी जुन्या संघाने त्याला काढून टाकले होते आणि त्यातून तो सावरला होता. आपल्या जागेचा उद्याचा वाटेकरी ठरणाऱ्या मॉसला त्याने पंखाखाली घेतले. स्वतः ठेचाळलेल्या माणसाने दाखवलेली वाट तरुणाला अधिक पटते, हे आपण घरोघरी पाहतोच.

मॉसच्या कहाणीचा पुढचा भाग आरोग्याचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्याने जाहीर केले की त्याला पित्तनलिकेचा कर्करोग झाला होता. स्वादुपिंड आणि यकृत यांच्यामधील त्या अवघड जागेवर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो दूरचित्रवाणीवरील समालोचनासाठी परतला. पुरुषांनी वेळच्या वेळी तपासण्या करून घ्याव्यात, रक्त तपासावे, असे आवाहन त्याने केले होते. आपणही ते मनावर घ्यावे. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, वजन विनाकारण घटणे ही लक्षणे पोटात दुखत नसली तरी दुर्लक्षण्याजोगी नाहीत. ‘दुखत नाही ना, मग काय झाले?’ हे आपल्याकडील घरगुती तत्त्वज्ञान अशा वेळी घातक ठरू शकते. काविळीवर झाडपाल्याचे उपाय करीत आठवडे घालवण्याऐवजी आधी डॉक्टरांकडे जावे.

थांबण्याचे दिवस

अँक्वान बोल्डिन या तरुणाचा गुडघा ऑगस्ट २००१ मध्ये महाविद्यालयीन सरावात दुखावला. गुडघ्याच्या आतील महत्त्वाचा अस्थिबंध तुटला आणि संपूर्ण हंगाम हुकला. दीड वर्षाने व्यावसायिक संघांसमोर चाचणीसाठी धावला, तेव्हा ४० यार्डांना त्याला सुमारे ४.७ सेकंद लागले. झेलणाऱ्याच्या मानाने ही गती मंदच. त्याच्याआधी ५३ जणांची निवड झाली. चोपन्नावे नाव त्याचे होते.

७ सप्टेंबर २००३ रोजी ॲरिझोना संघाकडून पहिलाच सामना खेळताना बोल्डिनने दहा झेल घेत २१७ यार्ड मिळवले. पदार्पणाच्या सामन्यात एवढी मजल कोणीही मारलेली नव्हती. हंगामाअखेर १०१ झेल, १,३७७ यार्ड आणि ८ टचडाउन अशी त्याची नोंद झाली. संघ दुबळा होता. सोळापैकी चारच सामने जिंकला. त्या वर्षी बहुतेक सामन्यांत त्याच्याकडे चेंडू फेकणारा जेफ ब्लेकही बत्तिशीचा, चार संघ फिरून आलेला गडी होता. गती कमी होती ती बोल्डिनने भक्कम हातांनी आणि अचूक वळणांनी भरून काढली.

न्यूयॉर्कच्या ‘जायंट्स’ संघातील ओडेल बेकहॅम ज्युनिअरला २०१४ साली मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे पहिले चार सामने बाहेर बसावे लागले. टीका होत राहिली. तो परतला आणि उरलेल्या बारा सामन्यांत त्याने ९१ झेल, १,३०५ यार्ड आणि १२ टचडाउन केले. २३ नोव्हेंबरच्या सामन्यात मागे झुकून, केवळ एका हाताच्या बोटांनी त्याने टिपलेला झेल आजही वारंवार दाखवला जातो.

गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या वाचकांनी या दोघांची आठवण ठेवावी. स्नायूंची झीज भरून यायला वेळ लागतोच. घाई केली तर दुखणे उलटते आणि भीतीने अंथरुणाला खिळून राहिले तर स्नायू आणखी क्षीण होतात. फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम थोडा थोडा, पण रोज, हा मधला मार्ग खेळाडूंनाही तोच आणि आपल्यालाही तोच. शुश्रूषा करणाऱ्यांनीही ‘शेजारचे काका तर महिन्यात चालायला लागले’ अशी तुलना टाळावी.

पांढरा पट्टा नसलेला चेंडू

जमार चेसची गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण तिची सुरुवात हातून निसटलेल्या चेंडूंनी होते.

महासाथीमुळे २०२० चा महाविद्यालयीन हंगाम न खेळण्याचा निर्णय चेसने घेतला. एक वर्ष खेळापासून दूर राहून २०२१ मध्ये तो सिनसिनाटीच्या ‘बेंगल्स’ संघात आला. पाचव्या क्रमांकावर निवड झालेली, त्यामुळे अपेक्षा मोठ्या. पण हंगामापूर्वीच्या सामन्यांत त्याच्या हातून चेंडू वारंवार निसटू लागले. तो म्हणाला, महाविद्यालयीन चेंडूवर पांढरे पट्टे असतात, व्यावसायिक चेंडूवर ते नसतात. त्यामुळे येणारा चेंडू नीट दिसत नाही. लोकांनी ही सबब समजून थट्टा केली.

सबब म्हणून ती सोडून द्या, परंतु त्यातील डोळ्यांचे शास्त्र खोटे नाही. फिरत येणारी तपकिरी वस्तू आणि तिच्यावरचा पांढरा पट्टा यांतील रंगभेद नजरेला आधार देतो. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि मिळत्याजुळत्या रंगांतील फरक ओळखण्याची क्षमता कमी होते. चष्म्याचा क्रमांक अगदी बरोबर असला तरी करड्या जिन्याची करडी कडा दिसत नाही, पांढऱ्या ताटातला पांढरा भात दिसत नाही. आजोबा पायरी चुकतात तेव्हा आपण म्हणतो, ‘लक्ष कुठे असते तुमचे?’ खरे तर लक्ष जागेवर असते. पायरीला पट्टा नसतो.

चेसने तक्रार थांबवली आणि सराव वाढवला. चेंडू फेकणारा होता जो बरो, महाविद्यालयापासूनचा त्याचा सोबती. बरोचा स्वतःचा गुडघा नोव्हेंबर २०२० मध्ये फाटला होता. शस्त्रक्रिया आणि महिनोन्महिने चाललेले व्यायाम पार करून तो परतला होता. एक जण वर्षभर न खेळलेला, दुसरा गुडघा जोडून आलेला. पण दोघांनाही एकमेकांची पावले पाठ होती. चेसने त्या हंगामात ८१ झेल, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. २ जानेवारी २०२२ रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच सामन्यात त्याने २६६ यार्ड मिळवले. नवख्या खेळाडूसाठी तो विक्रम ठरला. ऑगस्टमध्ये ज्याची थट्टा झाली, त्याच्या बळावर संघ फेब्रुवारीत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

त्रेसष्ट वर्षांनी

आता पुन्हा ग्रोमनच्या विक्रमाकडे वळू. २०२० मध्ये जस्टिन जेफरसनने १,४०० यार्डांपर्यंत आणि २०२१ मध्ये चेसने १,४५५ पर्यंत मजल मारली; तरी १,४७३ चा आकडा उभाच होता. तो ओलांडला पुका नाकुआ या तरुणाने. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपलेला हा मुलगा २०२३ च्या निवडीत पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिसच्या ‘रॅम्स’ संघाने घेतला. त्या क्रमांकाच्या खेळाडूकडून कोणी विक्रमाची अपेक्षा करीत नाही.

संघाचा प्रमुख झेलणारा कूपर कप मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने पहिले चार सामने बाहेर होता. नाकुआला संधी मिळाली. पहिल्या सामन्यात त्याने १० झेल घेतले, दुसऱ्यात १५. पहिल्या दोन सामन्यांत मिळून २५ झेल यापूर्वी कोणीही घेतले नव्हते. फेकणारा मॅथ्यू स्टॅफर्ड ३५ वर्षांचा. आदल्या वर्षी मानेपाशी मज्जारज्जूला झालेल्या दुखापतीमुळे त्याचा हंगाम अर्धवट राहिला होता आणि तो आता थांबेल की काय अशी चर्चा होती. कप परतल्यावर नाकुआ मागे पडेल असेही अनेकांना वाटले. तसे झाले नाही. दोघे शेजारी शेजारी खेळले.

७ जानेवारी २०२४ रोजी हंगामातील अखेरच्या सामन्यात नाकुआने चार झेल घेऊन ४१ यार्ड मिळवले. एकूण १०५ झेल आणि १,४८६ यार्ड. ग्रोमनचा विक्रम तेरा यार्डांनी मोडला. त्या दिवशी स्टॅफर्डला विश्रांती होती. चेंडू फेकला राखीव क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झने, ज्याला हंगामाच्या मध्यापर्यंत एकाही संघाने घेतलेले नव्हते. ग्रोमनला चौदाच सामने मिळाले होते आणि नाकुआला सतरा, हेही न्यायाने सांगायला हवे. दोन विक्रमांमध्ये ६३ वर्षांचे अंतर. फेकणारा मात्र दोन्हीकडे कोणीतरी बाजूला ठेवलेला माणूस.

जो मार दिसत नाही

या खेळाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. २०२४ साली न्यूयॉर्कच्या मलिक नेबर्सने १०९ झेल घेऊन नवख्या वाइड रिसीव्हरसाठी नवा उच्चांक केला. पण त्याच हंगामात, २६ सप्टेंबरच्या सामन्यात, त्याच्या मेंदूला हादरा बसला आणि पुढचे दोन सामने त्याला खेळू दिले नाहीत. अशा खेळाडूला आता टप्प्याटप्प्याने तपासून, संघाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने परवानगी दिल्यावरच मैदानात सोडले जाते. हा नियम मोठी किंमत मोजून आला आहे. डोक्यावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या आघातांचा मेंदूच्या ऱ्हासाशी संबंध आढळलेला आहे, आणि त्या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते.

खेळाडूने ‘मी ठीक आहे’ म्हटले म्हणून सोडायचे नाही, ही यातील शिकवण आपल्या घरासाठी मोलाची आहे. न्हाणीघरात घसरलेली आई उठून बसते आणि म्हणते, ‘काही नाही झाले, उगाच घाबरू नकोस.’ मुलांना त्रास नको म्हणून ती तसे म्हणते. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर, डोक्याच्या आत हळूहळू रक्त साकळू शकते. लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. अशी औषधे घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावेच. वाढती डोकेदुखी, गुंगी, गोंधळलेले बोलणे, उलट्या, तोल जाणे, एका बाजूची शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र काढू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरचे नवखे

या लेखात नवखा म्हणून आपण विशीतल्या तरुणांना पाहिले. पण आपल्या घरातही नवखे असतात. सासूबाईंना पक्षाघात झाल्यावर एका रात्रीत परिचारिका झालेली सून नवखी असते. पत्नी अंथरुणाला खिळल्यावर पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कुकर लावणारे गृहस्थ नवखे असतात. हाताखाली कोणी प्रशिक्षक नसतो आणि चूक झाली की मनाला लागते. औषधाची एक वेळ चुकली, आधार देताना हात निसटला, थकव्याने आवाज चढला. चेसच्या हातूनही आधी चेंडू निसटलेच होते, हे अशा वेळी आठवावे.

आणि ज्यांची सेवा होत आहे त्यांनीही आठवावे की या खेळात आपण केवळ प्रेक्षक नाही. आपल्या देहाचे वेळापत्रक आपल्याइतके कोणालाच ठाऊक नाही. कोणत्या कुशीवर दुखते, कोणत्या क्षणी उठायचे बळ येते, कशाने भीती वाटते, हे आपण सांगितले तरच समोरच्या नवख्याला नेमक्या जागी पोहोचता येते. ‘कशाला त्यांना सांगायचे’ म्हणून गप्प राहणे म्हणजे चेंडू हातातच धरून ठेवणे होय.

घरी करून पाहण्याजोग्या काही गोष्टी:

• अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठवताना सांगितल्याशिवाय हात लावू नये. ‘एक, दोन, तीन’ असे मोजावे आणि शक्य असेल तर मोजण्याचे काम उठणाऱ्या व्यक्तीलाच द्यावे. मैदानावरही हाक क्वार्टरबॅकच देतो.

• जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला, न्हाणीघराच्या उंबऱ्याला ठळक, विरोधी रंगाची पट्टी लावावी. भातासाठी रंगीत ताट वापरावे.

• पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. खुर्चीचा आधार घेऊन उठबस करण्यापासून आरंभ करता येतो. आधी डॉक्टरांना विचारावे.

• खेळाडू सामना संपल्यावर त्याची चित्रफीत पाहून चुका तपासतात. आपणही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बसून काय जमले, काय जमले नाही, हे दोष न देता बोलावे आणि वहीत लिहावे.

• शुश्रूषा करणाऱ्यालाही राखीव गडी हवा. आठवड्यातील काही तास दुसऱ्या कोणाकडे जबाबदारी सोपवून विश्रांती घेण्यात कर्तव्यात कसूर नाही.

पुढच्या वेळी नातवाकडे गेलात आणि रविवारी तो खेळ सुरू झाला, तर त्याला विचारा: ‘हा झेल कोणी घेतला ते दिसले रे, फेकला कोणी?’ तो आनंदाने सांगू लागेल. मग आपणही त्याला जॉर्ज ब्लँडाची गोष्ट सांगा. ती त्याला ठाऊक नसण्याचाच संभव अधिक आहे.